सांबप्पा सरांचे चौसष्ट निबंध

दुसऱ्यांचा भूतकाळ स्वच्छ दिसणारी माणसं परभणी जिल्ह्यात आजवर दोनच झाली, असं दिनकररावांचं प्रामाणिक मत होतं. एक पिंगळीच्या रेल्वे स्टेशनासमोर पोपट घेऊन बसणारा ज्योतिषी. तो वारल्यापासून एकटे दिनकरराव. ज्योतिष्याला निदान पोपटाची मदत होती. दिनकरराव सगळं स्वतःच करत.

त्यांच्या फाटकावर पाटी होती : ‘दिनकरराव. गुप्त तपास केंद्र. वेळ दहा ते पाच. अमावास्येला बंद.’ पाटी एवढी मोठी होती की गल्लीतली माणसं पाहुण्यांना फोनवर ‘गुप्तच्या समोरचं घर’ असाच पत्ता सांगत. दिनकररावांनी एकतीस वर्षं कॉलेजच्या कचेरीत काढली होती, पण त्यांचा उल्लेख ते करत नसत. उल्लेख करत तो परीक्षेच्या भरारी पथकातल्या नऊ वर्षांचा. कॉपीची चिठ्ठी कुठं आहे हे आपल्याला पोराच्या चेहऱ्यावरून नव्हे, चपलेवरून कळतं, असा त्यांचा सिद्धांत होता. त्या नऊ वर्षांत त्यांनी शेकडो चपला काढायला लावल्या. चिठ्ठ्या बहुधा दुसरीकडं असत. पण जिल्ह्यातल्या एका पिढीला पेपरला अनवाणी जायची सवय लागली, हे यशही काही थोडं नव्हे.

त्यांची सहायक म्हणजे त्यांची सून प्रियांका. रसायनशास्त्रात एम.एस्सी., नोकरीची वाट पाहण्याचं चौथं वर्ष, आणि घरात स्कूटी चालवता येणारी एकटीच. यातला तिसरा गुण पाहून दिनकररावांनी तिची नेमणूक केली होती. नेमणुकीच्या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सांबप्पा सर आणि त्यांच्या पत्नी गंगम्मा केंद्रात आले. सर मूळ झरीचे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. कपाळावर विभूतीच्या तीन रेषा, खिशाला लाल पेन, आणि निवृत्तीला आठ महिने बाकी. हातात कॉलेजची नोटीस होती. ती त्यांनी टेबलावर अशी ठेवली, जसं काही शेजाऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडं आलंय.

मामला असा होता. संशोधकांची नावं गोळा करणारं एक संकेतस्थळ आहे. कुणाचे किती निबंध छापून आले, आणि बाकीच्यांनी आपापल्या निबंधात त्यांचा किती वेळा हवाला दिला, हे ते आपोआप मोजत बसतं. ‘हवाला’ हा शब्द ऐकताच दिनकररावांनी खुर्ची पुढं ओढली. हा पैशांचा गुन्हा नाही हे त्यांना समजावेपर्यंत गंगम्मांचा चहा गार झाला. तर त्या संकेतस्थळावर सांबप्पा सरांच्या नावाचं एक पान होतं. सरांनी ते जन्मात उघडलं नव्हतं. त्या पानावर नऊ शास्त्रांत मिळून चौसष्ट निबंध होते. नळीतून वाहणारी उष्णता, शेळ्यांच्या पोटातले जंत, खाऱ्या पाण्यातली कोळंबी, भूकंप, संगणकाची जाळी, गोळ्यांवरचं साखरेचं आवरण. हवाले तीनशे अकरा. कुणीतरी निनावी अर्ज केला की एवढी शास्त्रं एका माणसाच्या आवाक्यात कशी, आणि कॉलेजनं कळवलं की सोमवारी चौकशी समितीपुढं खुलासा करावा, नाहीतर सेवापुस्तकात चौर्याची नोंद होईल.

“मी जन्मात एकच निबंध लिहिलाय,” सर म्हणाले. “झरीच्या शिवारातल्या गाजरगवतावर. तीन पावसाळे बांधाबांधानं हिंडलो. बाकीचे त्रेसष्ट माझे नाहीत. ते कुणाचेही असोत, मला नकोत.”

गंगम्मांनी गार चहाचा कप बाजूला सारला. त्या म्हणाल्या, “यांनी कधी दुसऱ्याच्या रानातली शेंग तोडली न्हाई. आता जाता जाता चोर म्हणून घरी बसवायलेत.”

दिनकररावांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि सरांचं दुसरं एखादं कुटुंब आहे का, असं विचारलं. गंगम्मांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की तो प्रश्न त्यांनी वहीत लिहून लगेच खोडला.

पहिला सिद्धांत दुपारपर्यंत तयार झाला. शास्त्रं नऊ, म्हणजे सांबप्पाही नऊ. एका नावाची नऊ माणसं जिल्ह्यात विखुरलेली आहेत आणि आपापलं शास्त्र चालवत आहेत. शेळ्यांवरचा सांबप्पा ताडकळसच्या बाजारातच सापडणार, कारण शेळ्या तिथंच असतात. प्रियांकानं स्कूटी काढली. बाजारात खरंच एक सांबप्पा निघाला. तो जनावरांचे कासरे आणि दावी विकत होता. दिनकररावांनी त्याला एकदम खिंडीत गाठल्यासारखं शेळीच्या जंतांबद्दल विचारलं. तो पाऊण तास बोलला. लक्षणं, औषध, पथ्य, सगळं सांगितलं. दिनकररावांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पशुवैद्यक सापडलं, उरली आठच शास्त्रं.

प्रियांकानं फक्त एवढंच विचारलं की काका, तुम्हाला इंग्रजी येतं का.

“शेळीला येत न्हाई,” तो म्हणाला. “मग मला कशाला पायजे?”

परत येताना स्कूटीवर दोन कासरे होते. ते मुद्देमाल म्हणून घेतले आहेत असं दिनकरराव म्हणाले.

बुधवारी दुसरा सिद्धांत आला : अशील स्वतःच दुहेरी आयुष्य जगतोय. प्रियांकानं सुचवलं की सरांनाच विचारू या, ते संध्याकाळी काय करतात. दिनकररावांनी मान हलवली. अशिलाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, आणि मग तपासाची दिशा चुकते. पाठलाग हाच मार्ग. त्याप्रमाणे ते पाच वाजता कॉलेजबाहेर उभे राहिले. सर निघाले, बसस्टँडमागच्या गल्लीत शिरले आणि ‘मनकर्णा ऑफसेट : लग्नपत्रिका, थिसिस, झेरॉक्स’ अशा पाटीच्या दुकानात गेले. दिनकरराव समोरच्या रसवंतीत वर्तमानपत्राआड बसले. पाच ग्लास रस झाला. सर सात वाजता बाहेर आले. वहीत नोंद झाली : ‘५.१० ते ७.०५, सांबप्पा झेरॉक्सच्या दुकानात. संशयास्पद काही नाही.’

“मामा, झेरॉक्सला दोन तास?” प्रियांकानं सासऱ्यांना विचारलं.

“लाइट गेली असेल,” दिनकरराव म्हणाले.

रसवंतीचा चरखा विजेवरच चालत होता. पण प्रियांका ते बोलली नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि कोणत्या गोष्टी बोलायच्या नाहीत याची तिची यादी आता पाठ झाली होती.

गुरुवारी तिनं ते संकेतस्थळावरचं पान स्वतः उघडलं आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसली. तीनशे अकरा हवाले होते खरे, पण सगळेच्या सगळे एकाच निबंधाचे होते. गाजरगवताच्या. बाकीच्या त्रेसष्टांना कुणीही विचारलेलं नव्हतं. भूकंपवाल्यानं गाजरगवताचा हवाला दिला होता, कोळंबीवाल्यानं दिला होता, साखरेच्या आवरणवाल्यानंही दिला होता. ही बातमी तिनं सासऱ्यांना सांगितली आणि पुढच्या क्षणी तिला पश्चात्ताप झाला. दिनकरराव उभे राहिले होते.

तिसरा सिद्धांत सगळ्यात मोठा होता. गाजरगवत हे मूळचं बाहेरदेशचं, धान्यातून आलेलं. म्हणजे तो कुणाचा तरी माल आहे. आता तो देश आपला माल परत मागतोय. परभणीपासून समुद्र पाचशे किलोमीटर, तरी कोळंबी यात कशाला आली? कारण माल समुद्रानं जाणार. भूकंप कशाला? लक्ष विचलित करायला. गोळ्यांवरचं आवरण? याचा विचार ते वाटेत करणार होते. शुक्रवारी सकाळी ते एकटेच बसनं झरीला गेले आणि बांधावरचं गाजरगवत दोन्ही हातांनी उपटून पोतंभर घेऊन आले. घरी येऊन त्यांनी ते पलंगाखाली सीलबंद केलं. म्हणजे पोत्याचं तोंड कासऱ्यानं बांधलं.

गाजरगवताचं एक शास्त्र दिनकररावांना माहीत नव्हतं, ते त्यांच्या अंगानं शिकवलं. शनिवारी सकाळी त्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. हाताला फोड आले. डॉक्टरांनी चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडायला सांगितलं. सत्य आपल्याला आता आतूनच दिसेल, असं म्हणून दिनकरराव भिंतीकडं तोंड करून झोपले. पोतं कमलबाईंनी गावाबाहेर नेऊन जाळलं.

कमलबाई म्हणजे दिनकररावांच्या पत्नी. त्यांना या तपासात काडीचा रस नव्हता. त्यांच्या भाच्याचं, बालाजीचं, लग्न ठरलं होतं आणि पत्रिका छापायची जबाबदारी त्यांच्यावर होती. नवरा आडवा पडलेला पाहून त्यांनी सुनेला स्कूटी काढायला लावली, आणि दोघी मनकर्णाच्या दुकानात आल्या.

मनकर्णा चाळिशीची, कुंकू रुपयाएवढं, बोटं कीबोर्डवर आणि लक्ष गल्लीत. कमलबाईंनी सेहेचाळीस नावांची यादी दिली. मनकर्णानं ती वाचली आणि चुलत मावसा कुठं आहे असं विचारलं. मावसा राहिला होता. मराठवाड्यात लग्न मोडलं तरी माणसं वर्षादोनवर्षांत बोलायला लागतात, पत्रिकेतलं नाव राहिलं तर नाही. मावसा घातला गेला. अर्ध्या तासात कच्ची प्रत आली आणि कमलबाई ती बोट ठेवून, ओठ हलवत, प्रत्येक अक्षर वाचू लागल्या. तळाशी त्यांचं बोट थांबलं.

“हे पूर्णेचे दत्तराव कोण?”

“ते मागल्या पत्रिकेतलं ऱ्हायलं जणू,” मनकर्णा शांतपणे म्हणाली. “आमी कोरं पान कधी घेतच न्हाई बघा. जुनी फाईल उघडायची, नवरानवरी बदलायची. खालचं कोण बघतंय?”

“म्हंजे माझ्या भाच्याच्या लग्नाला हे दत्तराव दारात उभे ऱ्हाणार?”

मनकर्णानं दत्तरावांना काढलं. प्रियांका मात्र तिथंच उभी राहिली. तिनं हळूच विचारलं की प्राध्यापक लोकांचे निबंधही असेच करता का.

असेच, मनकर्णा म्हणाली. दुसरं कसं करणार? अकरा वर्षांमागं दुकानात पहिला निबंध आला तो सांबप्पा सरांचा. पानाच्या कडेचे समास सुरेख, तक्ते सरळ, अक्षराचा आकार नेमका. ती फाईल तिनं जपून ठेवली आणि पुढचा प्रत्येक निबंध तिच्यावरच केला. वरचं बदलायचं, मधलं बदलायचं. पहिल्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती : या निबंधाचा हवाला द्यायचा झाल्यास असा द्यावा, सांबप्पा, झरी शिवारातील गाजरगवत. ती ओळ तशीच राहायची. कुणी काढा म्हणलं नाही.

तीनशे अकरा निबंध या दुकानातून गेले होते. आणि गाजरगवताची मूळ फाईल? ती आता नव्हती. तिच्यावरच तर सगळं केलं होतं.

“आणि सरांचं नाव वर? त्रेसष्ट ठिकाणी?” प्रियांकानं विचारलं.

“ते मी घातलं,” मनकर्णा म्हणाली, आणि तिला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “सर रोज येऊन बसत्यात, च्या बी घेत न्हाईत, लोकायचं इंग्रजी लाल पेनानं सरळ करत्यात. ज्याच्यात त्यायची लय मेहनत झाली, त्याच्यावर नाव घातलं. राबणाऱ्याचं नाव टाकायचं न्हाई, ही कुठली रीत झाली ताई?”

सरांना ते कधी दिसलं नाही, कारण सर वाचत ते नावं घालण्याआधी. नावं शेवटी बसवायची असतात, पत्रिकेसारखी. आणि ज्यांचे निबंध होते ते? ते पानं मोजून घेऊन जात, म्हणाली मनकर्णा. वाचताना तिनं तरी कुणाला पाहिलं नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता समिती बसली. अध्यक्ष तात्याराव, दुसऱ्या तालुक्यातल्या एका कॉलेजचे प्राचार्य. सोबत दोन सदस्य, जे तात्यारावांकडं पाहून मान हलवत. दिनकरराव काळा चष्मा लावून, सुनेचा हात धरून आले आणि त्यांनी आधी आपला सिद्धांत मांडायचा आग्रह धरला. वीस मिनिटं ते परकीय गवतावर बोलले. एका सदस्यानं टिपणं घेतली. मग प्रियांकानं दुकानातली हकीकत सांगितली, सोबत आलेल्या मनकर्णानं ती जशीच्या तशी कबूल केली आणि तात्यारावांनी हातातली यादी पालथी घातली. कारण समितीनं आता त्रेसष्ट निबंधांची यादी पहिल्यांदाच नीट वाचली होती, आणि सतराव्या क्रमांकावर, विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांवरच्या निबंधावर, सांबप्पा सरांच्या आधी तात्यारावांचं नाव होतं.

सरांची मागणी साधी होती. त्रेसष्टांवरून माझं नाव काढा, माझा एक मला राहू द्या.

तात्याराव म्हणाले, काढता येईल. पण मूळ लेखकानं लिहून द्यावं लागेल की निबंध सगळा आपणच लिहिला आणि आत काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तिथूनच फोन लावले गेले. उष्णतावाला म्हणाला, गाडी चालवतोय. कोळंबीवाल्यानं कुठला निबंध असं विचारलं, तो आता मधमाश्यांवर होता. भूकंपवाला मोकळेपणानं म्हणाला की आत काय आहे ते सांबप्पा सरांनाच विचारा, त्यांना माहीत असेल. म्हणून मग सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं. नळीची लांबी सांगितली, कोळंबीच्या पाण्यातलं मीठ सांगितलं, भूकंपाची तारीख चुकली होती तीही सांगितली. त्रेसष्ट निबंध छापून आले होते आणि जगात ते वाचलेला माणूस एकच होता.

“आणि सतरा नंबरचा?” तात्यारावांनी खालच्या आवाजात विचारलं.

“चौथ्या तक्त्यात क्षारांची बेरीज एकशे बारा टक्के होते,” सर म्हणाले. “मी लाल केलं होतं. तुम्ही तसंच पाठवलं.”

तात्यारावांनी पाणी मागवलं. ते गाळलेलं आहे ना, असंही विचारलं.

निर्णय जेवणाआधी झाला. त्रेसष्ट निबंधांत सांबप्पा सरांचं योगदान सिद्ध झालं आहे, ते कायम ठेवावेत. चोरीचा आरोप रद्द. राहिला गाजरगवताचा. त्याला सहलेखक नाही, ज्या मासिकात आला ते बंद पडलं, संगणकातली मूळ प्रत नाही. सरांनी तीन पावसाळ्यांच्या टिपणवह्या पुढं केल्या. पण त्या त्यांच्याच हस्ताक्षरात असल्यानं पुरावा म्हणून धरता येत नव्हत्या. तेव्हा तो एक निबंध संशयास्पद ठरवून नोंदीतून वगळावा. तात्यारावांनी सरांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. दोन्ही सदस्यांनी मान हलवली.

वह्या सरांनी पिशवीत भरल्या, पण तिसरी वही पिशवीत जाईना, तशी ती काखेत धरून उभे राहिले.

अहवाल विद्यापीठाकडं इंग्रजीत जायचा होता. तो टाइप करायला जिल्ह्यात भरवशाचं दुकान एकच. चार वाजता तात्यारावांची गाडी त्या गल्लीत इंजिन चालू ठेवून उभी होती आणि मागच्या बाकावर दोन्ही सदस्य पेंगत होते. सर, प्रियांका आणि दिनकररावही मागोमाग दुकानात आले होते. मनकर्णानं कच्ची प्रत काढली आणि सवयीनं सरांपुढं सरकवली. सर बाकावर बसले. सवयीनंच लाल पेन निघालं. दिनकरराव दारात उभे राहून रसवंतीवाल्याला सांगत होते की संशय आपल्याला पहिल्या दिवसापासून याच दुकानाचा होता, वहीत वेळेसकट नोंद आहे.

प्रियांका सरांच्या खांद्यामागून वाचत होती. पहिल्या परिच्छेदात त्यांनी दोन चुका काढल्या, दुसऱ्यात एक काळ बदलला. शेवटचा परिच्छेद दोन ओळींचा होता : त्रेसष्ट निबंध कायम ठेवावेत, एक निबंध वगळावा. पेन त्या ओळींवर येऊन थांबलं. सरांनी बाहेरच्या गाडीकडं पाहिलं. मग ओळ पुन्हा वाचली, जशी मुलाची उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा वाचावी. नंतर ‘त्रेसष्ट’ आणि ‘एक’ या दोन आकड्यांभोवती त्यांनी दोन गोल काढले आणि त्यांची जागा अदलाबदल करणारा बाण ओढला.

मनकर्णानं तसं केलं. तीन प्रती निघाल्या. तात्यारावांनी काच खाली करून, स्टिअरिंगवरच कागद टेकवून, तिन्ही प्रतींवर झोकात सही केली. इंग्रजी फार सफाईदार झालंय, असंही म्हणाले. मागच्या दोघांना त्यांनी उठवलं. त्यांनी सह्या केल्या आणि मान हलवली. गाडी गेली.

एक प्रत सरांच्या हातात राहिली. ती त्यांनी घडी न घालता तिसऱ्या वहीत ठेवली.

“वाचलंस तू?” त्यांनी प्रियांकाला विचारलं.

“वाचलं सर.”

सर तिच्याकडं पाहत राहिले. “मग? काही चूक राहिलीय का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “आता बरोबर हाय.”